मॅस्टोडॉनवर सहा आठवडे झाले तरी सामसूम का? पंचवटीतल्या ताईंच्या प्रश्नाला उत्तर

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पंचवटीत राहता, रोज सकाळी गोदाघाटावर फिरायला जाता आणि घाटाचा एक फोटो चार ओळी लिहून टाकता. जुन्या ठिकाणी, म्हणजे आधीच्या समाजमाध्यमावर, सात-आठ वर्षांत चार हजारांवर लोक जोडले गेले होते. तिथली भांडणं आणि शिवीगाळ नकोशी झाली, म्हणून दीड महिन्यापूर्वी तुम्ही मॅस्टोडॉन या समाजमाध्यमावर खातं उघडलंत. इथे एकवीस फॉलोअर आहेत, फोटोला दोन-तीन तारे (म्हणजे इथले लाइक) पडतात, उत्तर क्वचित येतं. त्यात एका अनोळखी माणसानं ‘फोटोला वर्णन का नाही लिहिलं’ म्हणून हटकलं, ते मनाला लागलं. आणि मैत्रीण म्हणते की मॅस्टोडॉनची खाती ज्यांवर असतात ते सर्व्हर कुणीही चालवतं, उद्या बंद पडला तर सगळं गेलं. शेवटी तुम्ही विचारलंय: माझं काही चुकतंय, की ही जागाच ओस आहे? परत जाऊ का?

मी कशाच्या जोरावर सांगतोय तेही सांगतो. पोटापाण्यासाठी मी सातपूर-अंबडच्या कारखान्यांचे सर्व्हर सांभाळतो. मॅस्टोडॉनवर आलो २०१९च्या नोव्हेंबरात. त्या सुमाराला सर्वोच्च न्यायालयातले वकील संजय हेगडे यांचं ट्विटरवरचं खातं बंद केलं गेलं होतं आणि त्याचा निषेध म्हणून भारतातून बरेच लोक इकडे आले. माझ्या ओळखीतले बहुतेक महिना-दोन महिन्यांत परत गेले. २०२२च्या ऑक्टोबरात इलॉन मस्क यांनी ट्विटर विकत घेतलं आणि जगभरातून त्याहून कितीतरी मोठी लाट आली. तेव्हा नाशिकच्या आम्ही पाच मित्रांनी मिळून स्वतःचा छोटा सर्व्हर उभा केला. आज त्यावर साठेक माणसं आहेत. पक्षी बघणारे आहेत, गड चढणारे आहेत, दोन शिक्षिका आहेत, निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार आहेत. यातल्या जवळजवळ प्रत्येकानं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मला तुमचाच प्रश्न विचारला होता.

त्यामुळे मला वाटतं, जागा ओस आहे का यापेक्षा तुमचा खरा प्रश्न असा आहे: माझा फोटो लोकांपर्यंत नेऊन पोहोचवायचा कुणी? जुन्या ठिकाणी ते काम कंपनीचा अल्गोरिदम करत होता. तुम्ही फोटो टाकून घरी चहा टाकायला गेलात, तरी तो मागे थोड्या लोकांना दाखवून बघायचा, त्यांच्यातलं कोण थांबलं, कुणी लाइक केलं ते मोजायचा आणि त्यावरून पुढच्या लोकांसमोर धरायचा. ज्यांनी तुम्हाला कधी फॉलो केलं नव्हतं त्यांच्याही पुढ्यात तुमचा घाट जायचा. भांडणंही त्याच वाटेनं तुमच्यापर्यंत यायची, कारण भांडणाशी लोक जास्त थांबतात.

मॅस्टोडॉनच्या होम फीडमध्ये हे यंत्रच नाही. ज्यांना फॉलो केलं त्यांच्या पोस्ट, लागल्या त्या क्रमानं, ताजी सगळ्यात वर. तुम्ही सकाळी साडेसहाला फोटो टाकता. तुमच्या एकवीस जणांपैकी एखादा नऊ वाजता फोन उघडतो, वरच्या पन्नास पोस्ट बघतो आणि कामाला लागतो. तुमचा फोटो त्याच्या खाली राहिला. नावडल्याचा काही संबंधच नाही, त्यानं तो पाहिलाच नाही. आणि तारा दिल्यानं पोस्ट कुणाच्या होम फीडमध्ये जात नाही, ती फक्त तुम्हाला मिळालेली पावती असते. पोस्ट पुढे जाते ती बूस्टनं. कुणीतरी हातानं बूस्टचं बटण दाबलं की त्याच्या फॉलोअरांच्या फीडमध्ये ती पोहोचते. म्हणजे नेऊन पोहोचवण्याचं काम इथे माणसंच करतात, आणि ती माणसं तुमच्या ओळखीची व्हायला वेळ लागतो.

आता थोडं आतल्या रचनेबद्दल, कारण ते कळल्याशिवाय पुढचे उपाय पटणार नाहीत. तुमच्याकडे जिओचं सिम आहे आणि बहिणीकडे एअरटेलचं, तरी फोन लागतो. दोन कंपन्या वेगळ्या, टॉवर वेगळे, बिलं वेगळी, पण एकमेकांशी बोलायची पद्धत ठरलेली आहे. मॅस्टोडॉन तसंच आहे. २०१६ साली जर्मनीतल्या ऑयगेन रोचको यांनी हे सॉफ्टवेअर आणलं. ते कुणालाही घेऊन आपल्या सर्व्हरवर बसवता येतं. हे हजारो सर्व्हर एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात तिचं नाव अ‍ॅक्टिव्हिटीपब. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं जानेवारी २०१८ मध्ये तिला मान्यता दिली. ती भाषा येणारं कुठलंही सॉफ्टवेअर यात सामील होऊ शकतं. फोटोंसाठीचं पिक्सेलफेड त्यातलंच. तुमचं काम प्रामुख्यानं फोटोंचं असल्यामुळे तेही एकदा बघून ठेवा, तिथलं खातं मॅस्टोडॉनवरच्या माणसाला फॉलो करता येतं.

यात नव्या माणसाला चकवणारी एक गोष्ट आहे, आणि तुमच्या सामसुमीचं अर्धं कारण तिच्यात आहे असा माझा अंदाज आहे. कुठल्याही एका सर्व्हरवर अख्खं जाळं नसतं. तुम्ही फिनलंडमधल्या एखाद्या पक्षीनिरीक्षकाला फॉलो केलंत की तुमचा सर्व्हर त्याच्या सर्व्हरला कळवतो, तिकडून होकार येतो आणि तेव्हापासून पुढच्या पोस्ट तुमच्याकडे येऊ लागतात. त्याच्या आधीच्या पोस्ट आपोआप येत नाहीत. आमच्या सर्व्हरवर एका सभासदाला असं प्रोफाइल दिसलं ज्यावर तीनच पोस्ट होत्या. ‘हा माणूस काही लिहीत नाही’ म्हणून त्यांनी फॉलो काढून टाकला. मी तेच प्रोफाइल त्याच्या मूळ सर्व्हरच्या पानावर उघडून दाखवलं, तर तिथे पाच वर्षांचं लेखन होतं. हॅशटॅगचंही तसंच. तुम्ही ‘गोदावरी’ शोधता तेव्हा तुमच्या सर्व्हरपर्यंत ज्या पोस्ट पोहोचल्या तेवढ्याच दिसतात. सर्व्हर छोटा असेल आणि त्यावरचे लोक मोजक्याच जणांना फॉलो करत असतील, तर जग रिकामं वाटतं. तुम्ही आणि तुमचे शेजारी जितक्या लोकांना फॉलो कराल तितक्या खिडक्या उघडत जातील. नव्या आवृत्त्यांमध्ये निसटलेली उत्तरं मागवून घेण्याची सोय आली आहे, त्यामुळे ही उणीव कमी झाली, पण पुरती गेलेली नाही.

म्हणून पहिला उपाय: फॉलोअर मोजणं महिनाभर सोडा आणि दोनशे जणांना फॉलो करा. तुम्ही लिहिलंय की तुम्ही चौदा जणांना फॉलो करता. चौदा जणांच्या फीडवर सामसूमच असणार. नदी, घाट, पावसाळा, पक्षी, जुनी बांधकामं, मंदिरांचं शिल्पकाम, रस्त्यावरची फोटोग्राफी, जे तुम्हाला आवडतं ते शोधा आणि फोटो बघून फॉलो करत सुटा. नाही पटलं तर नंतर काढता येतं, कुणी मनावर घेत नाही. त्यासोबत हॅशटॅगही फॉलो करा. २०२२च्या शेवटी आलेल्या आवृत्तीपासून ही सोय आहे. टॅग फॉलो केला की अनोळखी माणसाची पोस्टसुद्धा थेट तुमच्या होम फीडमध्ये येते.

तुमच्या पोस्टना टॅग लावता का? प्रश्नासोबत तुम्ही जोडलेल्या तीन पोस्टमध्ये मला एकही दिसला नाही. जुन्या ठिकाणी टॅगची गरज उरली नव्हती, यंत्र फोटो पाहूनच ओळखायचं. इथे टॅग हा पत्ता आहे. तीन-चार पुरेत, पण दोन लिपींत लावा. नाशिक देवनागरीत आणि रोमनमध्ये, गोदावरी देवनागरीत आणि रोमनमध्ये, कारण एक टॅग शोधणाऱ्याला दुसरा सापडत नाही. दोन शब्द जोडताना मध्ये खालची रेघ घाला: #गोदावरी_घाट. रोमनमध्ये प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं करायची पद्धत आहे, त्यामुळे स्क्रीन रीडर, म्हणजे अंध माणसांना मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, शब्द सुटे वाचतो. आपल्या लिपीत मोठं अक्षर नाही, म्हणून ती रेघ.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. पोस्टच्या चौकटीत खाली भाषेचं बटण असतं. तुम्ही अ‍ॅप इंग्रजीत वापरत असाल तर तुमची मराठी पोस्ट ‘इंग्रजी’ अशी चिठ्ठी लावून बाहेर पडत असण्याची शक्यता मोठी आहे. सार्वजनिक टाइमलाइनवर मराठी निवडून ठेवलेल्या माणसाला ती दिसणार नाही आणि भाषांतराचं बटणही नीट चालणार नाही. सेटिंग्जमध्ये पोस्टची मूळ भाषा मराठी करून टाका, एकदाच करावं लागतं. आमच्याकडच्या एका शिक्षिकेच्या कवितांना याच कारणानं चार महिने कुणी विचारलं नव्हतं. भाषा बदलल्यावर पुण्याची आणि अमेरिकेतली अशी दोन मराठी माणसं आठवड्याभरात त्यांना सापडली.

मराठी माणसं इथे कमी आहेत, हे मी लपवणार नाही. रोज मराठीत गप्पा मारणारी मंडळी हवी असतील तर ती तुम्हाला जमवावी लागतील, एकेक करून. पण घाटाच्या फोटोला भाषेची अडचण कमी. मराठी चार ओळींखाली एक ओळ इंग्रजी दिलीत तरी पुष्कळ. पाचशे अक्षरांची मर्यादा आहे, तेवढी जागा पुरते.

प्रोफाइलच्या सेटिंग्जमध्ये खाजगीपणा आणि पोहोच असा भाग आहे. तिथे दोन पर्याय बघा: प्रोफाइल व पोस्ट इतरांना सुचवल्या जाव्यात का, आणि सार्वजनिक पोस्ट शोधात याव्यात का. शोधाचा पर्याय २०२३ पासून आला आणि तो आपण होऊन चालू केला तरच लागू होतो. ज्याला शोधात यायचं नाही त्याला जबरदस्तीनं आणायचं नाही, हा त्यामागचा विचार मला मनापासून पटतो. पण तुम्हाला तर यायचंय. दोन्ही चालू करा. आणि एक परिचयाची पोस्ट लिहून प्रोफाइलवर पिन करा. तुम्ही कुणाला फॉलो केलंत की तो माणूस तुमचं प्रोफाइल उघडून बघतो. फोटो नाही, ओळख नाही, असं दिसलं तर तो तुम्हाला बनावट खातं समजतो.

आता तो वर्णनाचा प्रसंग. त्यावर मला जरा सविस्तर बोलायचंय.

त्या माणसाची बोलण्याची पद्धत चुकली. नव्यानं आलेल्या माणसाला पहिल्याच भेटीत नियम ऐकवू नयेत, आणि आमच्या सर्व्हरवर कुणी असं केलं तर मी त्याला खाजगीत सांगतो. पण तो ज्यासाठी बोलला ते खरं आहे. मॅस्टोडॉनवर अंध आणि कमी दिसणारी माणसं बरीच आहेत. त्यांचा फोन पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो. फोटोला वर्णन नसेल तर त्यांना एवढंच ऐकू येतं: ‘चित्र’. आमच्या सभासदांपैकी एक जण पूर्ण अंध आहेत, नाशिकरोडला राहतात. मी त्यांच्या शेजारी बसून त्यांचा फोन ऐकला आहे. चित्र, चित्र, चित्र, मग एखादं वाक्य, पुन्हा चित्र. त्या दिवसानंतर मी वर्णनाशिवाय एकही फोटो टाकलेला नाही.

तुमच्याकडे तर वर्णनाला केवढा मजकूर आहे! तुमचा तो पुराचा फोटो घ्या. त्याखाली तुम्ही लिहिलंत ‘आजचं रूप’. वर्णनाच्या चौकटीत समजा असं लिहिलंत: ‘रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती. तांबूस गढूळ पाणी त्याच्या छातीला लागलं आहे. मागच्या छोट्या देवळांचे फक्त कळस वर दिसतात. डाव्या बाजूला पायऱ्यांवर छत्र्या धरून उभी असलेली माणसं पाण्याकडे बघत आहेत.’ नाशिककराला ‘मारुतीच्या छातीला पाणी’ एवढं ऐकलं की पूर किती ते कळतं, आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पूर असाच मोजतात. बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून पोस्टमध्ये एक ओळ घाला, की या मूर्तीवरून शहर नदीची पातळी ओळखतं. हेच वाचून परगावचा, परदेशातला माणूस थांबतो आणि विचारतो, कंबरेला आलं की काय करता, गळ्याला आलं की काय होतं? नारोशंकराच्या देवळातल्या घंटेला पाणी लागणं म्हणजे काय, ते तुम्ही त्याला सांगू शकता. फोटोच्या वर्णनाला दीड हजार अक्षरांपर्यंत जागा असते. तुम्ही जे रोज डोळ्यांनी टिपता ते तिथे शब्दांत उतरवा. माझ्या पाहण्यात नीट वर्णन असलेला फोटो जास्त बूस्ट होतो, कारण वर्णनाशिवायचे फोटो बूस्ट करायचेच नाहीत असं कित्येकांनी ठरवून ठेवलं आहे.

तेव्हा त्या माणसावरचा राग सोडून द्या असं मी म्हणणार नाही, पण पुढचा फोटो त्या नाशिकरोडच्या काकांसाठी लिहा.

सर्व्हर बंद पडण्याची भीती. तुमची मैत्रीण काल्पनिक बोलत नाहीये. माझं २०१९ मधलं पहिलं खातं ज्या सर्व्हरवर होतं तो एकटा माणूस स्वतःच्या खर्चानं चालवायचा. २०२२ साली द्राक्षाच्या हंगामात मी गावी बागेच्या कामात अडकलो होतो, दीड महिना मॅस्टोडॉन उघडलं नाही. परत आलो तर सर्व्हर नाही. मालकानं महिनाभर आधी सूचना लावली होती, ती मी पाहिलीच नव्हती. दोन वर्षांच्या पोस्ट गेल्या, तीनशेच्या आसपास लोक गेले. त्यातले काही नावं आठवून आठवून पुन्हा शोधले. काही आजवर सापडले नाहीत.

पण मोठ्या कंपनीचं छत म्हणजे कायमचं छत, असंही नाही. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं, गूगल प्लस २०१९ मध्ये, आपलं भारतीय कू २०२४ मध्ये. तिथल्या माणसांना फॉलोअर उचलून दुसरीकडे न्यायची सोयच नव्हती. इथे ती आहे, वेळेवर वापरली तर. नव्या सर्व्हरवर खातं उघडायचं, तिथे जुन्या खात्याची नोंद करायची, मग जुन्या खात्यातून ‘स्थलांतर’ करायचं. तुमचे फॉलोअर आपोआप नव्या खात्याकडे वळतात. पत्ता बदलतो, पोस्ट मात्र जुन्या जागीच राहतात. २०११ पासून आपण मोबाइलची कंपनी बदलून नंबर तोच ठेवू शकतो, तितकं सुखाचं हे नाही. एकदा हललं की तीस दिवस पुन्हा हलता येत नाही. आणि जुना सर्व्हर चालू असतानाच हे करावं लागतं, बंद पडल्यावर इलाज नाही.

म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला मी आमच्या सभासदांना आठवण करतो: सेटिंग्जमधून आपण फॉलो करत असलेल्यांची यादी उतरवून घ्या, ब्लॉक केलेल्यांचीही. दोन मिनिटांचं काम आहे. पोस्ट आणि फोटोंचं पूर्ण गाठोडं सात दिवसांतून एकदा मागवता येतं. तुमचे मूळ फोटो तर घरच्या डिस्कवर वेगळे ठेवाच, तारखेसकट. सिंहस्थासाठी घाट बदलत असताना रोज एकाच जागेवरून काढलेले फोटो ही पुढे शहराला लागणारी नोंद आहे, ती कुठल्याही सर्व्हरच्या भरवशावर राहू नये, माझ्यासुद्धा.

चांगला सर्व्हर कसा ओळखायचा? मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत यायचं तर सर्व्हरला काही अटी मान्य कराव्या लागतात: रोज बॅकअप, अडीअडचणीला सर्व्हरची किल्ली असलेला किमान एक दुसरा माणूस, द्वेष पसरवणाऱ्यांवर कारवाई, आणि बंद करायचा झाला तर किमान तीन महिने आधी सूचना. यादीत नसलेला सर्व्हर वाईट असतो असं नाही, पण हे चार प्रश्न चालवणाऱ्याला जरूर विचारा. चालवणारा माणूस नीट उत्तर देतो की टाळतो, यावरच बरंचसं कळतं. पैशाचंही विचारा. आमचा खर्च महिन्याला दोन हजारांच्या आतबाहेर आहे, आणि गणपतीच्या वर्गणीसारखा वर्षातून एकदा गोळा होतो, हिशोब सगळ्यांसमोर. खर्च कशाचा, तर मुख्यतः चित्रांचा. तुमच्या सर्व्हरवरच्या लोकांनी फॉलो केलेल्या जगभरच्या माणसांचे फोटो तुमच्या सर्व्हरवर साठत जातात. मागे एका पावसाळ्यात रात्री दोन वाजता आमची डिस्क त्यानं काठोकाठ भरली आणि पोस्ट जायच्या बंद झाल्या. मी उठून आठवड्यापूर्वीची परकी चित्रं काढून टाकली, पहाटे गाडी रुळावर आली. तेव्हापासून ते काम आपोआप होतं, आणि दुसरी किल्ली एका मित्राकडे आहे. असं रात्री उठणारं कुणी तुमच्या सर्व्हरला आहे का, एवढं शोधून काढा.

खाजगी संदेशांबद्दल एकच सांगतो. ते कुलूपबंद नसतात. सर्व्हर चालवणाऱ्याला मनात आणलं तर डेटाबेसमधून ते वाचता येतात. मी वाचत नाही, वाचणार नाही, पण आधार क्रमांक, बँकेचं काही, घरातलं काही तिथे लिहू नका. आणि खाजगी संदेशात तिसऱ्या माणसाच्या खात्याचा पूर्ण पत्ता (@नाव@सर्व्हर) लिहिलात तर तो संदेश त्यालाही जातो. यात माणसं दुखावलेली मी पाहिली आहेत.

आता परत जायचं का? हे तुम्ही कशासाठी फोटो टाकता त्यावर अवलंबून आहे. फोटोंच्या प्रती विकत असाल, लग्नाच्या ऑर्डर त्यातून येत असतील, तर जुनं खातं मुळीच बंद करू नका, गिऱ्हाईक तिथेच आहे. शाळेतल्या मैत्रिणी, नातेवाईक तिथे असतील आणि त्यांच्याशी तुटायला नको असेल तरीही नको. पण तुमच्या प्रश्नावरून मला वाटलं की तुम्हाला फोटोवर बोलणारी माणसं हवी आहेत. चार हजारांमधले खरोखर बोलणारे किती होते, एकदा आठवून बघा. आमच्या सर्व्हरवरच्या पक्षीवाल्या काकूंना जुन्या ठिकाणी नऊशे फॉलोअर होते, इथे दोन वर्षांत दीडशे झाले. पण नांदूर मध्यमेश्वरला त्यांनी टिपलेल्या एका बदकाच्या पिसांवरून नेदरलँड्समधल्या एका माणसाशी त्यांचं आठवडाभर बोलणं चाललं. फोटो नीट बघून त्यावर इतकं बोलणारं जुन्या ठिकाणी त्यांना कुणी भेटलं नव्हतं.

ब्लूस्काय या दुसऱ्या समाजमाध्यमाचंही तुम्ही ओझरतं विचारलंय. ते २०२४च्या फेब्रुवारीपासून सगळ्यांना खुलं आहे, वापरायला सोपं आहे आणि तिथे सुचवणाऱ्या फीड असल्यामुळे पहिल्या आठवड्यात इतकं एकटं वाटत नाही. त्याची रचनाही विकेंद्रित व्हावी अशीच आखलेली आहे, पण आज बहुतेक खाती एकाच कंपनीच्या यंत्रांवर आहेत. भांडणाला कंटाळून निघालेल्या माणसाला मी आधी मॅस्टोडॉनच सुचवतो. जमलंच नाही तर तिकडे जरूर जा, त्यात कमीपणा काही नाही.

माझं म्हणणं, अजून तीन महिने द्या. पण हे तीन महिने मागच्या सहा आठवड्यांसारखे नकोत. या आठवड्यात भाषा, शोध आणि परिचयाची पोस्ट उरकून घ्या. मग रोज सकाळी फोटो टाकायच्या आधी दहा मिनिटं दुसऱ्यांच्या पोस्ट वाचा, दोघांना उत्तर द्या, दोन बूस्ट करा. नुसतं ‘छान’ नको, काहीतरी विचारा. सोमेश्वरच्या धबधब्याला पाणी किती आहे विचारल्यावर नाशिककर जसा बोलायला लागतो, तशी ही माणसंही बोलतात. जुन्या खात्यावर प्रोफाइलमध्ये नवा पत्ता लिहून ठेवा. जुन्या पोस्ट यंत्रानं इकडे ओतू नका. उत्तर द्यायला कुणी नसलेली पोस्ट इथे लगेच ओळखू येते.

एक गोष्ट मात्र आजच करा. जुन्या ठिकाणच्या सेटिंग्जमध्ये जाऊन तुमच्या सगळ्या माहितीची प्रत मागवा. ती तयार व्हायला एक-दोन दिवस लागू शकतात आणि तयार झाल्यावर उतरवून घेण्याची लिंक थोडेच दिवस चालते. सात-आठ वर्षांचा घाट त्यात आहे.

आणि तुमचा सर्व्हर कोणता ते प्रश्नात नाही. कळवलंत तर त्याचे नियम आणि चालवणाऱ्यांची माहिती बघून, तिथे राहावं की हलावं, हे मी नेमकं सांगू शकेन. दुतोंड्या मारुतीचा फोटो वर्णनासकट पुन्हा टाकाल तेव्हा नाशिकचा टॅग लावा. तो टॅग मी फॉलो करतो, माझ्याकडे येईल.